चिकटलेली पानं

रविवारी तिने माळ्यावरून जुन्या कॉमिक्सचा गठ्ठा उतरवला, तेव्हाच बाबा म्हणाले, "राहू दे गं, धुळीने शिंकत बसशील." तिने ऐकलं नाही. मुखवटेवाला या नायकाचा पहिला अंक तिला आता नीट वाचायचा होता. त्यातली समोरासमोरची दोन पानं लहानपणापासून एकमेकांना चिकटलेली. तेवढी गोष्ट बाबा तोंडी सांगून पुढे सरकायचे.

"खळ सांडली असेल," बाबा म्हणाले.

"तुमच्यासारख्या बाइंडरची खळ नेमकी चार कोपऱ्यांवर आणि मधोमध सांडते?"

तिचं डोकं फिरलं. मुखवटेवाल्याचे बाबा कुठे असतात, असं विचारलं की बाबा दर अंकाला 'ओव्हरटाइमला गेलेत' म्हणून सांगायचे. ते खरं मानून शाळेत सांगितल्यावर तिचं केवढं हसं झालं होतं. स्वतः ग्रंथपाल असूनही तिने रागाच्या भरात अंक किटलीच्या वाफेवर धरला. पानं भिजली, सुटली मात्र नाहीत. म्हणून ती वाळवायला वरून इस्त्री फिरवली. खाली बाबांचा पांढरा शर्ट पसरलेला होता, हे अंक उचलल्यावर कळलं. खिशावर मुखवटेवाला उमटला होता, डोकं खाली, पाय वर. आईने घाईघाईने साबण चोळला, तर त्याचा हिरवा झगा कॉलरपर्यंत पसरला.

बाबांनी शर्ट घालून आरशात पाहिलं. "उलटा आहे, पण रुबाबदार आहे."

याचाच तिला सगळ्यात संताप आला. लोकांची पुस्तकं जन्मभर नीट बांधलीत, माझंच तेवढं बिघडवून ठेवलंत, असं सुनावून ती चहा न घेताच आपल्या घरी निघाली.

सोमवारी दुकानात एका पुस्तकाला शिलाई घालता घालता बाबा गेले. अंगात तोच शर्ट होता. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप ठेवला तो थेट मुखवटेवाल्याच्या नाकावर, आणि क्षणभर थबकले. भेटायला आलेल्यांनी त्या डागाबद्दल विचारलं नाही, पण डोळे तिकडेच. तिला सगळ्यांचा राग आला. डॉक्टरांचा, इस्त्रीचा, 'शांतपणे गेले हो' म्हणणाऱ्या शेजारणीचा. बाबांचा तर विचारूच नका. भांडण अर्धवट टाकून कोणी जातं का?

काही दिवसांनी खिडकीत वाळलेल्या त्या अंकाचा एक कोपरा सुटलेला दिसला. तिने बाबांची पातळ सुरी आत सरकवली. पानं हळूच विलग झाली. आत अंथरुणावर मुखवटेवाल्याचे बाबा होते, डोळे मिटलेले. उशाशी एक लहान मुलगा बसला होता. त्याचा मुखवटा अजून शिवायचा होता.

तिने अंक उघडाच टेबलावर ठेवला. मग तणतणत स्वयंपाकघरात गेली, पातेलं आपटून गॅसवर ठेवलं आणि मैदा घोटू लागली.

"आता काय शिजवतेस?" आईने विचारलं.

"खळ."

चारही कोपऱ्यांवर आणि मधोमध खळ लावून तिने पानं मिटली आणि तळव्याने दाबून धरली.

"होतं तरी काय गं त्यात?" आई म्हणाली.

ती तळवा न उचलता म्हणाली, "काही नाही. बाबा ओव्हरटाइमला गेलेत."