पाच मैना आणि विसरलेली शीळ

एका जंगलात, मुलांनो, प्राण्यांना स्वतःला फारसं काही लक्षात ठेवावं लागत नसे. त्यांची सगळी आठवण पाच मैना सांभाळत.

पाच मैना पाच झाडांवर बसत. कोणत्या तापावर कोणती साल, कोणता पाणवठा सगळ्यात शेवटी आटतो, पूर आला तर पाणी कुठल्या खडकापर्यंत चढतं, हे सगळं प्रत्येकीला पाठ होतं. एखादं झाड कोसळलं किंवा एखादीला सापाने गिळलं, तरी आठवण शिल्लक राहावी, म्हणून ही सोय. रोज सकाळी त्या एकमेकींना नवं काय ते सांगत. कुणी काही विचारायला आलं, की तिघी आधी आपसांत खात्री करून घेत आणि मग एक बोले. एकटी चुकू शकते. तिघी मिळून तीच चूक करणं अवघड. निदान मैनांच्या बाबतीत तरी. माणसांचं मी ठामपणे सांगू शकत नाही.

एकदा बातमी आली, की शेजारच्या जंगलातली माकडंही तापावर तीच साल चावतात.

"आपली साल त्यांना कशी कळली?" सिंहमहाराजांनी दरबारात विचारलं.

कदाचित त्यांनाही ताप येत असेल. कदाचित ते झाड त्यांच्याकडेही असेल. पण असं कुणी बोललं नाही. मी तिथे असतो तर मीही बोललो नसतो.

महाराजांनी खवलेरावांना बोलावलं. खवलेराव हे खवल्या मांजर. संकट दिसलं की ते अंगाचं वेटोळं करून चेंडू होत, आणि मग वाघालासुद्धा त्यांचं काही करता येत नसे. त्यांच्याइतकं सुरक्षित जंगलात कुणीच नव्हतं. म्हणून त्यांना सुरक्षाप्रमुख नेमलं.

"महाराज, आपली आठवण उघडी पडली आहे," खवलेराव म्हणाले. "येणारा जाणारा कुणीही ऐकतो."

"मग झाकून टाका."

ओढ्याकाठी एक शीळकरी कस्तूर पक्षी राहायचा. फार गोड शीळ घालायचा तो. खवलेरावांनी त्याच्याकडून एक नवीकोरी शीळ बनवून घेतली. मैनांनी त्या शिळेच्या चालीवर आपला शब्द न् शब्द असा गुंडाळून टाकला, की ऐकणाऱ्याला नुसतं "टिंबर घुमक, साळू पिपरी" ऐकू यावं. कस्तुराने तीच शीळ घातली, की गुंडाळलेलं सुटायचं आणि मैना पूर्वीसारख्या सरळ बोलायच्या. शिळेशिवाय आपण काय बोलतोय हे खुद्द मैनांनाही कळत नसे.

"वा!" महाराज म्हणाले. "आता झालं?"

"अजून कुठे? मैनेच्या वेषात भलतंच कुणी फांदीवर येऊन बसलं तर?"

हे महाराजांच्या डोक्यात आलं नव्हतं. आता आलं, आणि त्यांना दुपारची झोप लागेना. तेव्हा असं ठरलं, की प्रत्येक मैनेने गळ्यात पळसाचं एक हिरवं पान घालावं. पानावर महाराजांच्या पंजाचा ठसा असावा. पान हिरवं आहे तोवर ती मैना खरी.

"आणि वाळलं की?" थोरल्या मैनेने विचारलं.

"की तू मैना नाहीस."

"मग कोण?"

"ते तपासावं लागेल," खवलेराव म्हणाले.

पानांचं खातं हुप्प्या नावाच्या वानराकडे गेलं. त्याने एकाच फांदीची पाच पानं एकाच सकाळी तोडली आणि मोठा समारंभ करून पाच गळ्यांत घातली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एका फांदीची पानं एकदमच वाळतात, हे टाळ्यांच्या गडबडीत राहून गेलं.

खवलेरावांचं अजून समाधान झालं नव्हतं. एकच आठवण मैनांच्या गळ्यात आणि शिवाय आपल्याही डोक्यात, हा त्यांना निष्काळजीपणा वाटे. त्यांनी नियम केला, की मैनांना सांगायचं आणि आपण विसरून जायचं.

त्याच सुमारास एक म्हातारी अस्वलीण शेवटच्या घटका मोजत होती. काळफळ खाऊन विष भिनलं तर त्यावर कोणतं मूळ द्यायचं, हे त्या जंगलात तिला एकटीला माहीत होतं. तिने ते मैनांना सांगितलं. तिची लेक शेजारीच होती. पण ती नियमाप्रमाणे दोन्ही कानांवर पंजे दाबून, तोंड फिरवून उभी राहिली. आईचे शेवटचे शब्द तिने ऐकले नाहीत. खवलेरावांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. तिलाही तेव्हा बरं वाटलं असावं. कौतुक झालं की वाटतं बरं.

मग ऋतू बदलला.

"शीळही बदलायची," खवलेराव म्हणाले. "फार दिवस एकच शीळ वापरणं धोक्याचं. इथून पुढचं सगळं नव्या शिळेत."

"आणि जुनं?" कस्तुराने विचारलं.

"जुनं जुन्याच शिळेत राहील. त्याला हात लावू नका, सांडेल काहीतरी."

"मग जुनी शीळही लक्षात ठेवू ना?"

"अरे, तुझा गळा म्हणजे काय तिजोरी आहे? उद्या तुला ससाण्याने उचललं तर? मैनांना सांग आणि विसर. मैनांहून सुरक्षित जागा आहे का दुसरी?"

नव्हतीच. कस्तुराने जुनी शीळ पाचही मैनांना शिकवली, आणि मग नवी शीळ घोकून घोकून जुनी विसरला. मैनांनी सवयीप्रमाणे तीही गुंडाळून ठेवली. कशात गुंडाळली? तर त्याच जुन्या शिळेत. म्हणजे, मुलांनो, जुनी शीळ ऐकायची तर आधी जुनी शीळ यायला हवी. हे मी नीट सांगितलं की नाही, मला शंका आहे. पण कळलं नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. दरबारातही ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

आणि मग एका दुपारी त्या लेकीच्या, म्हणजे तरुण अस्वलिणीच्या, पिल्लाने काळफळ खाल्लं.

पिल्लाचं नाव गुबल्या. जे दिसेल ते तोंडात घालायचं त्याचं वय. थोड्याच वेळात त्याचं पोट फुगलं, पंजे गार पडले. तो आईला म्हणाला, "आई, मला झोप येतेय." काळफळ खाल्लेल्याला झोप लागली तर तो पुन्हा उठत नाही, एवढं मात्र जंगलात सगळ्यांच्या लक्षात राहिलं होतं.

अस्वलिणीने त्याला पाठीवर घेतलं आणि ती मैनांच्या झाडांखाली धावत आली.

"काळफळावरचं मूळ सांगा! लवकर!"

थोरलीने मान वाकडी करून शेजारच्या झाडावर पाहिलं. "मला एकटीला बोलता येत नाही गं. तिघींची खात्री लागते. आणि या बाकीच्या कोण, ते मला ठाऊक नाही."

"अगं, तुझ्या बहिणी त्या! एकाच ढोलीत वाढलात ना?"

"असतील. पण यांची पानं वाळलीत."

"तुझं तरी कुठे हिरवं आहे?" पलीकडची धाकटी फणकारली. "मी तर तुझ्याशी बोलणारच नाही. कोण कुठली!"

पाचही पानं त्याच सकाळी वाळली होती. पाच बहिणी पाच झाडांवर एकमेकींकडे पाठ करून बसल्या होत्या.

अस्वलीण हुप्प्याकडे धावली.

"नवी पानं दे."

"देतो की, ताई. जुनी हिरवी पानं दाखव."

"जुनी हिरवी असती तर नवी कशाला मागितली असती?"

"ते खरं आहे," हुप्प्या डोकं खाजवत म्हणाला. "पण नवं पान खऱ्या मैनेलाच द्यायचं असतं. आणि खरी मैना हिरव्या पानावरूनच ओळखायची असते. मी तरी काय करू?"

अस्वलिणीने पळसाची पाच पानं स्वतःच ओरबाडली आणि ती महाराजांच्या गुहेत शिरली. महाराज घोरत होते. तिने त्यांचा जड पंजा उचलला, चिखलात बुडवला आणि एकेका पानावर दाबला. पाचव्या पानाला महाराजांनी अर्धवट डोळा उघडला.

"मंजूर," ते म्हणाले आणि त्यांनी कूस बदलली.

गळ्यात पानं पडताच मैना एकमेकींना ओळखू लागल्या. "अगं बाई, तू होय!" असं म्हणून त्यांनी चोचीला चोच लावली. तिघींची खात्री झाली. थोरलीने गळा साफ केला.

"टिंबर घुमक, साळू पिपरी, ढम."

"म्हणजे काय?"

"ते आम्हाला कसं कळणार? शीळ लागते."

कस्तूर आला. त्याने शीळ घातली. मैना तशाच "टिंबर घुमक" करत राहिल्या.

"ही नवी झाली," थोरली म्हणाली. "तुझ्या आईचं सांगणं जुन्या शिळेतलं आहे."

कस्तुराने डोळे मिटले आणि दुसरी शीळ घालून पाहिली. तीही नवीच निघाली. त्याने सुरुवात बदलली, शेवट बदलला. कशीही सुरू केली तरी ती वळण घेऊन नव्या शिळेवरच येई.

"मला विसरायला सांगितलं होतं हो," तो रडवेला होऊन म्हणाला. "फार कष्टाने विसरलो मी."

तोवर खवलेराव आले. अस्वलिणीने त्यांना सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे आपल्यालासुद्धा उघडता येत नाही? पाहिलंत! मग चोराची काय बिशाद!"

"अहो, पण माझ्या आईचं सांगणं गेलं ना?"

"गेलं कसं? पाच ठिकाणी आहे. एक अक्षर हललेलं नाही."

"मग मला सांगा ते!"

"तेवढं सोडून बोला."

"माझं पोर मरतंय, खवलेराव!"

खवलेरावांनी चटकन अंगाचं वेटोळं केलं आणि ते चेंडू झाले.

अस्वलिणीने तो चेंडू एका पंजाने बाजूला सारला. तिने गुबल्याला कस्तुरासमोर ठेवलं. "याला झोपू देऊ नकोस," ती म्हणाली. "कसलीही शीळ घाल, पण याला झोपू देऊ नकोस." मग ती काळफळाच्या झाडाखाली गेली आणि तिने दोन मुठी काळफळं स्वतः खाल्ली.

मुलांनो, तुम्ही असं कधी करू नका. मला हे सांगतानाही धडधडतंय.

तिचं पोट फुगलं, पंजे गार पडले. मग ती जमीन उकरू लागली. दिसेल ते मूळ चावू लागली. एकाने घशाला खाज सुटली, एकाने ओकारी आली, एकाने काहीच झालं नाही. डोळ्यांवर झापड येऊ लागली, तशी ती गुडघ्यांवर सरकत पुढे गेली. ओढ्याच्या उतारावर एक पिवळट, ओबडधोबड मूळ होतं. ते चावल्यावर तोंड कडूजहर झालं. आणि मग हळूहळू पंजांत ऊब आली.

ती तसंच मूळ तोंडात धरून परत आली. कस्तुराचा गळा बसला होता, तरी तो शीळ घालत होता. गुबल्याचे डोळे मिटत होते, उघडत होते. तिने मूळ चावून चावून त्याच्या तोंडात घातलं.

बराच वेळ काही झालं नाही. मग गुबल्याने तोंड वेडंवाकडं केलं. "शी! कडू आहे," तो म्हणाला आणि रडायला लागला. त्याच्याइतक्याच मोठ्याने त्याची आई रडत होती.

दुसऱ्या दिवशी तिला दरबारात बोलावणं आलं.

"महाराज," खवलेराव म्हणाले, "आजमितीला जंगलातली एकूण एक आठवण सुरक्षित आहे. एकच बाहेर आहे. ती हिच्या डोक्यात आहे. ही गळती आहे."

महाराज गंभीर झाले. "काय गं, खरं का हे?"

"पोर मरत होतं, महाराज."

"पोराचं आम्हालाही वाईट वाटतं. पण नियम तो नियम. आजच्या आज मैनांना सांग, आणि विसर."

"आणि त्याने पुन्हा खाल्लं तर?"

"तर औषध पाच ठिकाणी सुरक्षित असेल," खवलेराव म्हणाले.

अस्वलीण मैनांच्या झाडांखाली गेली. मग तिने मैनांना सगळं नीट सांगितलं. मैनांनी ते गुंडाळून ठेवलं. नंतर ती महाराजांसमोर आली, तिने दोन्ही कानांवर पंजे ठेवले आणि ती म्हणाली, "विसरले."

ती खोटं बोलली, मुलांनो. बोधकथेत हे सांगावं की नाही, यावर मी बराच विचार केला. पण घडलं ते असं.

त्या वर्षी काळफळांना बहर आला. जंगलातल्या पुष्कळ पिल्लांनी ती खाल्ली. कोल्हीण आली, सांबरीण आली, शेजारच्या जंगलातली एक माकडीणही आली. अस्वलीण प्रत्येकीला ओढ्याच्या उतारावर नेऊन मूळ दाखवी आणि म्हणे, "बाई, मी हे विसरलेय बरं का. तूही विसरलीस." प्रत्येक आई मान डोलवी. एकही पिल्लू दगावलं नाही.

वर्षअखेरीस खवलेरावांनी दरबारात सांगितलं, की नवी व्यवस्था आल्यापासून एका अस्वलिणीखेरीज मैनांकडे काही विचारायला कुणी फिरकलेलंच नाही. म्हणजे प्रजेला आता कसलीच अडचण उरलेली नाही.

महाराजांनी त्यांना आणखी दोन जंगलांची सुरक्षा सोपवली.

तात्पर्य : मोठ्यांनी विसरायला सांगितलेलं मुलांनी ताबडतोब विसरावं. मात्र आपण नेमकं काय विसरलो आहोत, ते दोघाचौघांना नीट दाखवून ठेवावं.