वीस पावलं मागं

मांजर आडवं गेलं की माणसं थांबतात, देवाचं नाव घेतात, चार पावलं मागे येतात. आमचे शेजारी बबनतात्या मांजराच्या मागे जातात.

एकदा नारायणगावला जायला आम्ही दोघं घराबाहेर पडलो आणि मांजर आडवं गेलं. मी मुकाट उभा राहिलो. तात्या म्हणाले, "भाऊ, त्ये आपल्याला आडवं गेलं, तसं आपुनबी त्याला आडवं गेलो. आता वाईट कुणाचं व्हतं ते बघाया नगं?" आणि गेले की मांजरामागे! त्यांची वाट बघण्यात जीप निघून गेली. दुपारी ते निकाल घेऊनच परतले. "दोन घरी दूध प्यालं, एक उंदीर मारला, देवळामागं झोपलं. मांजराला काय बी झालं न्हाई. तुमचं काय?"

"माझी जीप चुकली."

तात्यांनी गंभीरपणे मान हलवली. "म्हंजे निम्मं खरं हाय."

पिंपळवंडीत विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करण्यात तात्यांची हयात गेली. बंद पडलेल्या मोटारीवर कुणी बाहेरूनच निदान सांगायला लागलं की ते म्हणत, "उघडून बघितल्याबिगर बोलायचं न्हाई." हाच नियम त्यांनी पुढे शकुन-अपशकुनांना लावला. पाल चुकचुकली की आपण बोललेलं खरं होतं म्हणतात. म्हणून तात्या रोज संध्याकाळी भिंतीसमोर उभं राहून मोठ्यानं म्हणायचे, "मी तहसीलदार हाय." आठव्या दिवशी पाल नेमकी चुकचुकली. आठवडाभर त्यांनी तहसीलदारकीची वाट बघितली, मग पालीवरचा त्यांचा विश्वास उडाला. त्यांच्या पत्नी, आमच्या इंदूकाकू, भाकरी थापता थापता मला म्हणायच्या, "सगळं उघडून बघत्यात. ह्यांचं डोकंच तेवढं कुणी उघडून बघितलं न्हाई."

पण तात्यांचा खरा अभ्यास कावळ्याचा.

आमच्याकडे दशक्रिया म्हणजे मोठं काम. कुकडीच्या घाटावर गाव लोटतं, पाहुणे येतात, भाषणं होतात. आणि मग सगळ्यांचे डोळे पिंडाकडे लागतात. कावळा शिवला तर सुटलो. नाही शिवला तर गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहिली म्हणायचं, मग एकेकानं पुढे होऊन हात जोडायचे आणि शब्द द्यायचा: तुमच्या नातीचं लग्न करू, म्हशीला विकणार नाही, वगैरे. तात्या कितीतरी दशक्रियांना चहाचा थर्मास घेऊन एका कडेला बसले. ओळखीच्या, बिनओळखीच्या, पार तिकडे आंबेगावात लोणीपर्यंत जाऊन आले. शेवटी एक दिवस मला म्हणाले, "भाऊ, उघडून बघितलं. कावळा मेलेल्याला भीत न्हाई, जित्यांना भितो. पिंडाला गराडा घालून हुभं ऱ्हायल्यावर त्यो येणार कसा? वीस पावलं मागं सरा. येतोच."

"मग लोकांना आधीच का सांगत नाही?"

"सांगितलं तर बोलंल कोण?"

ह्याचा अर्थ मला नंतर कळला. एका म्हातारीच्या दशक्रियेला तिचे दोन मुलगे पिंडाच्या दोन बाजूंना उभे होते. बांधावरून कैक वर्षं अबोला. कावळा काही येईना. थोरला म्हणाला, "आये, बहिणीला दिवाळीला आणीन." नाही. धाकटा म्हणाला, "तुझी तुळस सांभाळीन." नाही. ऊन चढलं. तात्या थर्मासचं झाकण लावून नुसते बसलेले. अखेर थोरल्यानं मान खाली घातली. "बांधाचं सोडलं मी, आये." धाकटा हुंदका देऊन त्याच्या गळ्यात पडला. तेव्हा कुठे तात्या उठले. "चला रं, वीस पावलं मागं!" कावळा आला. गाव धन्य धन्य झालं. मीही डोळे पुसले, आणि हा माणूस भलताच लबाड आहे हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. हळूहळू त्यांचा वीस पावलांचा नियम सगळ्या पंचक्रोशीला पाठ झाला.

गेल्या हिवाळ्यात इंदूकाकू गेल्या. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी संपलं. नऊ दिवस तात्यांनी कुणाला काही विचारलं नाही. दहाव्या दिवशी घाटाकडे चालताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आज मला तिच्याशी बोलायचं हाय. येळ मिळंल बक्कळ. कावळा काय लगेच येत न्हाई."

भटजींनी पिंड ठेवला आणि गावानं घात केला. तात्यांचा मान म्हणून, कुणी न सांगता, सगळी माणसं वीस पावलं मागे सरली. तात्या धोतराचा सोगा सावरून पुढे होतात न होतात तोच करंजावरून कावळा थेट पिंडावर उतरला.

"पुण्यवान बाई!" मागून कुणीतरी म्हणालं. "कायसुदिक मागं ठेवलं न्हाई बघा."

तात्यांनी जे केलं ते आमच्या घाटावर आजवर कुणी केलं नसेल. दोन्ही हात उडवून ते ओरडले, "हाऽड! थांब की जरा!"

कावळा दचकून उडाला. बायकांनी तोंडाला पदर लावले. भटजींच्या हातातली पळी तशीच राहिली. तात्यांचा मुलगा संतोष धावत पुढे गेला. "तात्या, अवो काय करताय?"

"गप. मला बोलायचं ऱ्हायलंय."

तात्या पिंडापुढे उकिडवे बसले. हात जोडायचंही त्यांना सुचलं नाही. इतक्या मोठ्या गर्दीत त्यांचा आवाज तेवढा ऐकू येत होता, आणि तो मोटारी दुरुस्त करणाऱ्या बबनतात्यांचा वाटत नव्हता.

"संतोषच्या आये, समद्या जगाला इचारत फिरलो. मांजराला इचारलं, पालीला इचारलं. तुला काय पायजेल, एवढं इचारायचं ऱ्हायलं बघ. काय पायजेल व्हतं तुला?"

मग ते थांबले. तिनं बोलावं म्हणून थांबले. मला रडू आवरेना.

ऊन चढलं. कावळे करंजावर बसून होते. मागे जेवणं खोळंबली होती, पाहुण्यांना लांब जायचं होतं, भटजी घड्याळ बघत होते. तात्या पिंडाला लागून बसलेत तोवर कावळा फिरकणार नाही, हे त्या घाटावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. संतोषनं एकदा माझ्याकडे पाहिलं, मी 'राहू दे' अशी मान हलवली, आणि तो आपल्या जागी परत येऊन उभा राहिला.

त्यांना मागे या असं कुणीच म्हणालं नाही.