आपटेकाकांची पंक बैठक

आपटेकाकांकडे पंक रॉक ऐकायला जायचं तर मोजे भोक नसलेले लागत. बूट दाराबाहेर काढून सतरंजीवर मांडी घालून बसावं लागे. खुर्चीवर बसून गाणं ऐकणारा माणूस, काकांच्या मते, बसची वाट बघत असतो.

काका लीड्सच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमधून रिटायर झालेले. काकू गेलेल्या, मुलगी मेडनहेडला. मी पुण्याहून वर्क व्हिसावर आलेला, एकटा आणि रविवारी रिकामा. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांनी मला हेरलं आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारची बैठक माझ्या गळ्यात पडली. कलाकार ठरलेले होते. लंडनच्या चार पोरांनी सत्तरच्या दशकात काढलेली त्यांची पहिली रेकॉर्ड, जेमतेम पस्तीस मिनिटांची. बँडचं नाव काका घेत नसत. नुसतं ‘पहिली’ म्हणत.

“आणि पुढच्या रेकॉर्डी?” मी एकदा विचारलं.

“पुढे ते वाजवायला शिकले. वाया गेले.”

बैठकीचे नियम कडक होते. आधी पोहे, मग पहिली बाजू, मग चहा, मग दुसरी बाजू. मध्ये बोलायचं नाही. मी त्यांच्या बरोब्बर समोर बसायचं आणि मांडीवर हाताने ताल धरायचा. कोणी खोकलं तर काका सुई उचलून गाणं पहिल्यापासून लावत. पडशाच्या दिवसांत आमची पहिली बाजू तासभर चाले. एकदा मी खिशातला एमपीथ्री प्लेअर दाखवला, तर म्हणाले, “गाणी खिशात? पाकीट आहे का ते?”

आवाज इतका मोठा, की कपाटातल्या बश्या थरथरत. शेजारची डॉरीन मधूनच भिंत बडवायची. मी तिकडे बोट दाखवलं की काका विचारत, “समेवर आली का?”

हा नाद लागला कसा, ते काका पोह्यांवर लिंबू पिळता पिळता सांगत. “प्रमोशन तिसऱ्यांदा हुकलं होतं. ज्याला मी मायक्रोस्कोप धरायला शिकवलं, तो साहेब झाला. मला चिडायची सोय नव्हती. घर नवीन, पोर लहान. पावसात एका दुकानाच्या आडोशाला उभा राहिलो, तर आत ही पोरं बोंबलत होती. म्हटलं, चला, आपल्या वाटचं कोणीतरी चिडतंय!”

काकांचा फोनही खास असे. “रविवारी. चार वाजता. पोहे आहेत.” आणि खट्. आपण ‘हो’ म्हणेपर्यंत फोन ठेवलेला. मी म्हटलं, असतो एकेकाचा पुणेरी खाक्या. समोर बसल्यावरही बोलायचं काम तेच करत. माझ्या वाट्याला एखादा प्रश्न, तोही पोह्यांच्या घासाबरोबर.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात माझ्या कंपनीने मला लंडनजवळ, क्रॉयडनला हलवायचं ठरवलं. पहिल्या रविवारी ते काकांना सांगायचं होतं. पहिली बाजू सुरू झाली. तिसऱ्या गाण्यात गायक घसा फोडत होता आणि मी मनात वाक्यं जुळवत होतो. त्या नादात माझा हात मांडीवरच थांबला.

काका उठले आणि भर गाण्यात त्यांनी सुई उचलली. “वा! पहिली बाजू रंगली. चहा टाकतो.”

“काका, गाणं अर्धं राहिलं.”

ते पाठमोरे होते. शांतपणे रेकॉर्ड पुसत राहिले. मी आणखी मोठ्याने सांगितलं. तरी नाही. मग वळले, माझा चेहरा पाहिला आणि हळूच सतरंजीवर येऊन बसले.

“संपली नव्हती?”

मी मान हलवली.

“दोन वर्षं झाली. डावा कान पार गेलाय. उजव्याने समोरच्याचे ओठ दिसले तर जमतं. गाण्याचा नुसता गोंगाट येतो.” रेकॉर्ड अजून त्यांच्या हातातच होती. “मला पाठ आहे रे ही. पण कुठवर आलीय ते कळायला समोर माणूस लागतो. तुझा हात बघतो मी.”

दोन वर्षं मला वाटत होतं, काका मला गाणं ऐकायला शिकवताहेत. मला फार वाईट वाटलं, आणि थोडी लाजही.

“पण तू थांबलास का?” त्यांनी विचारलं.

मग सांगावंच लागलं. त्यांना ओठ दिसतील असा पुढे सरकून, सावकाश सांगितलं. क्रॉयडन. पुढच्या महिन्यापासून.

काकांनी रेकॉर्ड उगीचच आणखी एकदा पुसली.

“लांब आहे,” ते म्हणाले. मग, “पहिल्या रविवारी येशील?”

या माणसाने मला आजवर कधी काही विचारून केलं नव्हतं. बस, खा, खोकू नकोस, एवढंच.

“येईन,” मी म्हणालो.

काकांनी उजवा कान पुढे केला. “काय म्हणालास?”

खरंच ऐकू आलं नव्हतं की पुन्हा ऐकायचं होतं, कोण जाणे. मी दुसऱ्यांदा सांगितलं, जरा मोठ्याने.