पासपोर्टच्या आधीचा निरोप

माणूस विमानाने परदेशात जातो, हा विमान कंपन्यांनी पसरवलेला गैरसमज आहे. माणूस परदेशात जातो तो सत्काराने. अंगावर शाल पडली, हातात नारळ आला आणि माइकवरून कोणा आप्पांनी 'आपली लेक सातासमुद्रापार गेली' असे एकदा जाहीर केले, की जाण्याचा सामाजिक, धार्मिक आणि भावनिक भाग पूर्ण होतो. मागे उरते ती निव्वळ वाहतूक.

सुरतेत डिंडोलीला राहणाऱ्या चंचल वाल्मिक पाटील हिच्या बाबतीत ही वाहतूक तेवढी राहून गेली होती, इतकेच.

चंचलला फिनलंडमधल्या एका विद्यापीठाची संशोधनवृत्ती मिळाली. राहणे, खाणे, प्रयोगशाळा, सगळे तिकडचे. पत्रात एकच अट होती: सत्र सुरू व्हायच्या आत हजर व्हावे, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला जाईल. पत्र दोनदा वाचून चंचल पासपोर्टचा अर्ज भरायला बसली. तिची आई प्रमिलाबाई पत्र न वाचताच शेजारच्या सखुबाईंकडे गेली. दोन्ही कामे एकाच दुपारी सुरू झाली. त्यातले सखुबाईंचे खाते जास्त कार्यक्षम निघाले.

संध्याकाळपर्यंत बातमी खान्देश प्रगती मित्रमंडळाचे अध्यक्ष दगा आप्पा यांच्यापर्यंत पोचली. मंडळाची उद्दिष्टे तीन: गणपती बसवणे, सत्कार करणे आणि सत्काराला न बोलावलेल्यांची समजूत काढणे. आप्पांचे म्हणणे पडले की सत्कार लगेच उरकावा. पुढे लग्नसराई. मग हॉल मिळत नाही, नगरसेवक मिळत नाहीत, आणि मिळाले तरी जेवल्याशिवाय हलत नाहीत. पासपोर्ट काय, कधीही येतो.

चौकात बॅनर लागला. मध्यभागी चंचल, तिच्या दुप्पट आकाराचे दगा आप्पा, आणि खाली शुभेच्छुकांची तोंडे इतकी, की लांबून पाहणाऱ्याला मुलगी परदेशात निघाली आहे की निवडणुकीला उभी आहे ते कळू नये. पाठीमागे आयफेल टॉवर, लंडनचे घड्याळ आणि हातात मशाल घेतलेली अमेरिकन बाई. यांपैकी फिनलंडमध्ये काहीच नाही. पण बॅनरवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये फिनलंड नव्हते, आणि त्याच्या मते परदेश सगळा एकच असतो, फक्त मधे मधे पाणी असते.

समारंभ देखणा झाला. वक्त्यांपैकी प्रत्येकाने 'मी फक्त दोनच शब्द बोलणार आहे' असे सांगून सुरुवात केली (मागच्या रांगेतून केलेल्या पाहणीनुसार हे दोन शब्द सरासरी एका वडापावाइतके टिकतात, गार व्हायला लागणारा वेळ धरून). बायांनी ओटी भरली. सखुबाईंनी बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, पिशवी दिली, कारण फिनलंडमध्ये ज्वारी मिळते की नाही याची कोणालाच खात्री देता येईना. सत्काराला उत्तर द्यायला चंचल उठली. "माझ्या संशोधनाचा विषय," एवढे म्हणाली, आणि नगरसेवकांना दुसरीकडे जायचे असल्याने त्याच क्षणी तिच्यावर शाल आली. शालीचा एक पदर माइकवर पडला. टाळ्या झाल्या.

पण त्या दिवशी व्यासपीठावर आणखी एक गोष्ट घडली, जी बॅनरवर नव्हती. प्रमिलाबाईंना खुर्ची मिळाली. खुर्ची साधी प्लास्टिकची, पण नगरसेवकांच्या शेजारची. साडीला टिकल्या लावून लावून जिची बोटे वाकडी झाली, त्या बाईला आजवर कोणी 'मान्यवर' म्हटले नव्हते. आप्पांनी म्हटले, तेही माइकवर. प्रमिलाबाई खुर्चीच्या अगदी कडेवर बसून होत्या, जणू पूर्ण बसले तर कोणी उठवेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंचल दूध आणायला निघाली, तर आईने दार लावून घेतले.

"कोठे जाई राहिनी?"

"दूध आणायले."

"बाहेर नको निंघू, माय. लोके काय म्हनतीन? काल निरोप दिधा आनि आज दूध लेवाले उनी?"

"पण मी गईच नही ना अजून."

"ते तुले माहीत शे, माले माहीत शे. लोकेसले कोठे माहीत शे?"

युक्तिवाद बिनतोड होता. ज्या मुलीला सगळ्या वस्तीने डोळे पुसत निरोप दिला, तिने वस्तीतच हिंडणे म्हणजे त्या डोळ्यांचा अपमान. चंचलने सुचवून पाहिले की ओढणीने तोंड बांधून स्कूटरवर जाते. सुरतेत तशी निम्म्या मुलींची तोंडे कोणी पाहिलेलीच नसतात. पण सखुबाई माणूस चपलेवरून ओळखतात, असा आईचा अनुभव होता. तेव्हा चंचल आतल्या खोलीत राहू लागली. अधिकृतरीत्या ती फिनलंडमध्ये होती, अनधिकृतरीत्या कपाट आणि पाण्याच्या पिंपाच्या मधे.

परदेशातल्या वास्तव्याच्या काही अडचणी असतातच. अमळनेरच्या गजेंद्रमामांनी व्हिडिओ कॉल केला. मागे पांढरी भिंत होती, तेवढे जमले. पण शेजारच्या गाळ्यातल्या यंत्रमागांचा आवाज भिंतीमागे थांबेना.

"तठे बी माग चालस का, बेटा?" मामांनी विचारले.

"चालस, मामा."

"मंग ठीक शे," मामा म्हणाले. "माणूस उपाशी नही राहाव."

वडील वाल्मिक लूमवरून आले की मुलीच्या ताटाकडे बघत आणि आपल्या ताटातली भाकरी मोडून तिच्याकडे सरकवत. परदेशात मुलीची आबाळ होते, असे ऐकून होते.

अशात एका दुपारी पासपोर्टच्या पडताळणीसाठी ललितभाई नावाचे पोलीस हवालदार दारात आले. अर्जदार दिलेल्या पत्त्यावर खरोखर राहतो की नाही, हे जागेवर जाऊन पाहण्याची सरकारची एक जुनी, भाबडी पद्धत आहे. शेजारच्या दारात सखुबाई तांदूळ निवडत होत्या. तांदूळ केव्हाच निवडून झाले होते.

"चंचल वाल्मिक पाटील इधर रहती है ने?"

पडद्यामागे चंचलने एक पाऊल पुढे टाकले. तेवढ्यात तिला आईचा पाठीमागे धरलेला हात दिसला. हात हळूच 'थांब' म्हणत होता. प्रमिलाबाईंची नजर हवालदाराकडे नव्हती, सखुबाईंच्या सुपाकडे होती. चंचलला ती प्लास्टिकची खुर्ची आठवली, आणि तिच्या कडेवर बसलेली आई. तिने पाऊल मागे घेतले.

"वो तो गई, साहेब. फिनलंड."

"पासपोर्ट वगर?"

प्रमिलाबाईंनी पदर सावरला. "आप्पा ने माइक पे बोला है, साहेब," त्या म्हणाल्या.

खातरजमा म्हणून ललितभाईंनी सखुबाईंना विचारले. सखुबाईंनी शपथेवर सांगितले, की ओटी मी स्वतः भरली. चौकातल्या पानवाल्याने नुसते बॅनरकडे बोट दाखवले. एवढा भक्कम पुरावा सरकारी कामात क्वचित मिळतो. ललितभाईंनी अहवाल पाठवला: अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही, अर्जदार परदेशात असल्याने पासपोर्टची आवश्यकता दिसून येत नाही.

अर्ज अडकला. तिकडून विद्यापीठाची मेल आली, अत्यंत नम्र. आपण येणार नसाल तर कळवावे, पुढच्या उमेदवाराला तयारीला वेळ मिळेल. नम्रतेने माणूस जसा घाबरतो तसा शिवीने घाबरत नाही. चंचल तोंड बांधून, आईच्या चपला घालून पोलीस चौकीत गेली.

"बेन, रेकॉर्ड पे तो आप बाहर हो," ललितभाई म्हणाले.

"मैं आपके सामने बैठी हूँ, काका."

"मैं तो देख रहा हूँ. रेकॉर्ड को थोड़ी दिखता है."

उपाय होता. वस्तीतल्या दोन प्रतिष्ठित माणसांनी लिहून द्यायचे, की ही मुलगी इथेच राहते. चंचल तशीच दगा आप्पांच्या घरी गेली आणि तोंडावरची ओढणी सोडली. आप्पांनी आधी दार लावले, मग चहा सांगितला, आणि मग मान हलवली.

"कोनी सही करावं नही, पोरी. सही करी म्हंजे आपन फुकट रडनूत असं लिखी दिधं. आनि घरमा बोललं ते येगळं. माइकवर बोललं ते मांगे लेता येत नही."

"मंग मी काय करू, आप्पा? मन्ही जागा जाई."

आप्पांनी बशीतला चहा संपवला. अध्यक्ष उगाच होत नाही कोणी.

"तू परत ये ना," ते म्हणाले. "जावाना सत्कार व्हयना. आते येवाना करूत."

कोणतीही संस्था आपली चूक कबूल न करता ती दुरुस्त कशी करते, याचा अभ्यास करायला लोक परदेशात जातात. डिंडोलीत ते शिक्षण मोफत आहे. चौकात नवा बॅनर लागला: 'संशोधनाचा पहिला टप्पा यशस्वीरीत्या पूर्ण करून मायदेशी परतल्याबद्दल'. आयफेल टॉवर तोच. आप्पा थोडे मोठे झाले होते.

परतीची तयारी जाण्याच्या तयारीपेक्षा अवघड असते. चंचलला विदेशी चॉकलेटे आणावी लागली. ती तिने स्टेशनजवळच्या त्या दुकानातून आणली, जिथून परदेशातून आलेले सगळेच आणतात. इतके दिवस ऊन न लागल्याने तिचा रंग उजळला होता, त्यावर बायांचे एकमत झाले, की तिकडची हवा मानवली. जराशी वाळली, हेही सर्वांना पटले. तिकडे भाकरी कुठली. तिकडची माणसे कशी, असे कोणीतरी विचारले. कपाट आणि पिंपाच्या मधे राहिलेल्या माणसाला जे सुचेल ते चंचल म्हणाली: "शांतता खूप असते. दिवसभर कोणी आपल्याशी बोलत नाही." सभागृह हळहळले. मग ती म्हणाली, "आता माझ्या विषयाबद्दल थोडं," आणि चॉकलेटे वाटायला सुरुवात झाली.

प्रमिलाबाईंची खुर्ची या खेपेला हातांची होती. त्या पाठ टेकून बसल्या.

सह्यांना मग काहीच अडचण आली नाही. दगा आप्पा आणि सखुबाईंनी लिहून दिले, की सदर मुलगी परदेशातून परत आली असून आता इथेच राहते. ललितभाईंनी पहिला अर्धा भाग वाचला, डोळे मिटून घेतले आणि दुसरा अर्धा तेवढा उतरवून घेतला. सरकारी नोकरीत याला विवेक म्हणतात. या वेळी चंचल त्यांच्या समोर बसली होती. जाता जाता त्यांना एक रकाना मोकळा दिसला.

"विषय शुं छे, बेन? किस चीज पे करोगी?"

चंचलने क्षणभर त्यांच्याकडे पाहिले. मग सांगायला लागली. सांगत राहिली. ललितभाईंचा चहा गार झाला, पण त्यांनी मधे कुठे तोडले नाही, आणि शेवटी म्हणाले, "ये तो होना चाहिए." रकान्यात त्यांनी 'अभ्यास' असे लिहिले.

पासपोर्ट आला. व्हिसाचे काम तर विनासायास झाले, कारण तिथे आपल्या ओळखीचे कोणी नव्हते. तिकीट हातात पडले आणि तेव्हा खरी अडचण उभी राहिली. वाल्मिकांनी तिकीट उलटसुलट करून पाहिले.

"जाई उनी ना तू," ते म्हणाले. "आते परत कसाले?"

ते थट्टा करत नव्हते. दोन सत्कार, दोन शाली, चॉकलेटे, गोरा रंग. फिनलंडपासून मिळण्यासारखे जे होते ते घरात आलेले होते. प्रत्यक्ष जाण्याने त्यात भर ती काय पडणार?

उत्तर प्रमिलाबाईंनी दिले. त्यांनी बॅग भरायला घेतली. "जाऊ द्या," एवढेच म्हणाल्या. आणि बाहेर जाऊन सखुबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या, की पोरगी अमळनेरला मामाकडे चालली आहे, चार दिवस हवापालट.

सकाळी रिक्षा आली. सखुबाई दारात होत्याच.

"अमळनेरले जाई राहिनी ना? मंग हाई लोनचानी बरनी लई जाय. मन्ही बहीणले दी देजो."

बरणी घ्यावी लागली. चंचल "येते" म्हणाली. प्रमिलाबाईंनी उंबऱ्यातूनच हात हलवला. अमळनेरला निघालेल्या माणसाला कोणी रिक्षापर्यंत सोडायला जात नाही, आणि अमळनेरसाठी रडायची तर मुळीच सोय नाही. त्यांनी पदर डोळ्यांकडे नेला, सखुबाईंकडे पाहिले आणि त्याच पदराने दाराची कडी पुसली.

बरणी सुखरूप फिनलंडला पोचली. अमळनेरच्या बहिणीला ती अजून मिळालेली नाही, आणि सखुबाई त्यावर नाराज आहेत. त्यांचे म्हणणे असे, की फिनलंडला जाऊन आलेली पोर, आणि तिला अमळनेर सापडू नये?

आता एकच लहानशी बाब. या सबंध प्रकरणात चंचलला तिचा विषय फक्त ललितभाईंनी विचारला, आणि तोही रकाना मोकळा होता म्हणून. आप्पांनी विचारला नाही, सखुबाईंनी नाही, वडिलांनी नाही. तुम्ही त्या सगळ्यांना मनापासून हसलात. तुम्हाला शाल आठवते, बॅनर आठवतो, लोणच्याची बरणी कुठे आहे तेही ठाऊक आहे. विषय काय होता हो?

असू द्या. पुढच्या सत्काराला या. तुमच्यासाठी पहिल्या रांगेत हातांची खुर्ची ठेवायला आप्पांना सांगितले आहे.