पिशवी बसेल अशी गाडी

तनुजाने गाडी सुरू केली तशी ती टुणटुण वाजू लागली. शेजारच्या सीटवर कुणीतरी पट्टा न लावता बसलंय, अशी गाडीची तक्रार होती. तनुजाने हात लांब करून पट्टा ओढला आणि वडिलांच्या, म्हणजे नानांच्या, गोल्फच्या पिशवीला छातीवरून नीट बांधला. गाडी गप्प झाली.

"लई आवळू नगंस," मागच्या सीटवरून सुभद्राबाई म्हणाल्या. "त्यांना सोसायचं न्हाई."

तनुजाने आरशातून पाहिलं. आई खिडकीबाहेर बघत होती, जणू बोलली ती दुसरीच कुणी.

रहाटणीचं रान इमारतींखाली गेलं तेव्हा नानासाहेबांनी महाळुंग्याला जमीन घेतली होती. पुढे तिच्या चारी अंगांना कारखाने उठले आणि ती एका गोल्फ मैदानात गेली. व्यवहारात नानांनी एकच अट घातली, नवराबायको दोघांना मरेपर्यंत मैदानाचं सभासदत्व. नंतर आपल्या रानाचं काय केलंय ते बघायला गेले, तर फाटकावरच्या रखवालदाराने सांगितलं, सभासदांना कॅन्टीनपर्यंत सोडतो. गवतावर फक्त खेळणारे. आणि खेळणारा म्हणजे ज्याच्यासोबत सामान आहे तो. नानांनी वाद घातला नाही. सरळ जाऊन काठ्यांची भलीमोठी पिशवी विकत घेतली, ती जीपच्या मागे टाकली आणि पांढऱ्या टोपीत, पायजम्यात, स्वतःच्या रानात खेळाडू म्हणून दाखल झाले.

चेंडूला काठी लागायलाच वर्ष गेलं. लागू लागली तेव्हाही ते चेंडू मारत ते जिकडे विहीर होती त्या अंगाला, मग झेंडा कुठेही असो. सुभद्राबाई डबा घेऊन सोबत चालत आणि चेंडू कुठे पडला ते वाफ्यांच्या नावाने सांगत. "भुईमुगात गेला." "बांधाला अडला बघा." मैदानावरचे कंपन्यांचे मोठे साहेब आपापल्या चेंडूंसाठीही त्यांनाच विचारायला लागले होते.

नाना होळीच्या आधी गेले. जीप त्यांच्याइतकीच थकली होती, ती भंगारात गेली. पिशवी जिन्याखाली उभी राहिली. सुभद्राबाई कमी बोलू लागल्या, कमी जेवू लागल्या, आणि कुणी काही विचारलं की "हाय की बरं" एवढंच म्हणू लागल्या. मग गणपती उठल्यावर एका सकाळी त्या म्हणाल्या, "मला रानात जायचंय." नाना गेल्यापासून त्यांनी मागितलेली ही पहिली गोष्ट होती.

रानात जायचं तर पिशवी हवी. पिशवी न्यायची तर गाडी हवी. तनुजाच्या छोट्या गाडीच्या डिकीत सीएनजीची टाकी होती. पिशवी मागच्या सीटवर आडवी ठेवून पाहिली, पण राखाडी कव्हरातली ती लांबलचक वस्तू तशी निजलेली दिसल्यावर सुभद्राबाई दारातच थांबल्या. "उचल आधी ते," एवढंच म्हणाल्या. पुढे पट्टा बांधून बसवली, तरी काळेवाडी फाट्यावर ब्रेक लागताच पिशवी गिअरवर कलली आणि तनुजाने पुढचे तीन चौक ती मिठीत धरून काढले. मैदानावर सामान ठेवायला कपाटं होती, पण त्याला आईचं उत्तर ठरलेलं. "अवजार घरी असतं."

शेवटी धाकट्या भावाने निकाल दिला. प्रीतम प्लॉटचे व्यवहार करायचा आणि घरातही तसाच बोलायचा.

"ताई, ऐक. ती पिशवी समोर दिसली की आई अर्धी भाकरी ठेवून उठते. मला बघवत नाही. दसऱ्याला ऑफर्स असतात. पिशवी बसेल अशी गाडी दसऱ्यापर्यंत ठरली तर घेऊन टाकू. वर्ष पाळायचंय, त्यामुळे हार-नारळ काही नाही. नाही ठरली, तर पिशवी क्लबला डोनेट. फायनल."

त्याचंही चुकत नव्हतं. पण पिशवी गेली की आई मरेपर्यंत कॅन्टीनमध्ये बसणार, आणि समोरच्या काचेतून आपलं रान बघणार, हे तनुजाला स्पष्ट दिसत होतं.

पहिल्या शोरूममध्ये विक्रेत्याने डिकी उघडली. आत टाकी होती.

"हितं आधीच कोन तरी निजलंय," सुभद्राबाई म्हणाल्या आणि वळल्या.

दुसऱ्या ठिकाणी गाडी उंच, रुबाबदार होती. "आंटी, थर्ड रो फोल्ड केली की अख्खी पिशवी जाते."

"म्हंजी माणसं उतरवायची आन् पिशवी बसवायची?"

तिसऱ्या ठिकाणी पिशवी तिरपी बसली, पण झाकण लागेना. तिथल्या मुलीने सुचवलं, एक लांब काठी काढून ठेवली तर जमेल. सुभद्राबाईंनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तिने आपणहून पिशवी बाहेर काढून दिली.

असे दिवस गेले. चाकणच्या रस्त्यावर लांब ट्रेलरवरून कोऱ्या गाड्या चालल्या होत्या, एकीच्या डोक्यावर एक, डोळे मिटून झुलत असल्यासारख्या. त्यांच्या मागे ताटकळताना तनुजाला कधी कधी गुंगी यायची. शेजारी पट्ट्यात बांधलेली पिशवी, मागे न बोलणारी आई. डोळ्यांच्या कडेने पाहिलं की वाटायचं, नानाच बसलेत आणि आता म्हणतील, "टाक की गिअर, काय ट्रेलरचं लग्न लागायची वाट बघतीस?" ती गिअर टाकायची. बरं वाटायचं.

"तनू," आई एकदा म्हणाली, "ह्या एवढ्या गाड्या. समद्यांना डिकी हाय. आन् समद्या दुसऱ्याच्याच डिकीत बसून चालल्यात."

खंडेनवमीच्या दिवशी त्या चिंचवडच्या शोरूममध्ये पोचल्या. उरलेली ती एकच होती. प्रज्वल नावाचा घामाघूम विक्रेता पुढे आला.

"मॅडम, बूट स्पेस एकदम टॉप. पाचशे लिटरच्या वर!"

"आमाला दूध भरायचं न्हाई, बाळा," सुभद्राबाई म्हणाल्या. "उघडून दाव."

आतल्या गाडीभोवती गर्दी होती म्हणून प्रज्वलने त्यांना मागच्या आवारात नेलं. तिथे उन्हात पांढऱ्या गाड्या ओळीने उभ्या होत्या, नांगरटीमागे उतरलेल्या बगळ्यांसारख्या. प्रत्येकीच्या गळ्यात झेंडूची माळ. प्रज्वलने एकीची डिकी उघडली. तनुजाने पिशवी आत ठेवली. ती आडवी गेली, सरळ गेली, आणि दोन्ही बाजूंना चार बोटं जागा उरली. झाकण टप्प करून लागलं.

सुभद्राबाई झाकणावर हात ठेवून उभ्या राहिल्या. तनुजाला त्यांचा चेहरा दिसला आणि तिने पटकन दुसरीकडे पाहिलं.

"चला, आत बसून कोटेशन बघू," प्रज्वल म्हणाला. "पिशवी घेऊ का काढून?"

"ऱ्हाऊ दे जरा," सुभद्राबाई म्हणाल्या. "अंगवळणी पडू दे तिला."

आत चहा आला, आणि चहासोबत कळलं की या गाडीला सहा महिन्यांचं वेटिंग आहे.

"सहा महिने?" सुभद्राबाईंनी कप खाली ठेवला. "तवर रान वळखंल का मला?"

तनुजाने विनवून पाहिलं, प्रज्वलने साहेबांना विचारून पाहिलं, साहेबांनी मान हलवून पाहिली. शेवटी त्या पिशवी घ्यायला मागे आल्या. गाडी जिथे उभी होती तिथे दोन चिरडलेली लिंबं होती, फुटलेल्या नारळाचं पाणी होतं, आणि गाडी नव्हती.

प्रज्वल झेंडूसारखा पिवळा पडला. "डिलिव्हरीची होती मॅडम. मुहूर्त होता त्यांचा... पोरांनी पूजा करून दिली पाठवून."

"डिकी नाही बघितली?"

"मुहूर्त टळत होता, मॅडम."

प्रज्वल गाडीवाल्याला फोन लावत राहिला. वाजायचा, कुणी उचलायचं नाही. नाव ज्योतीराम, पत्ता काळेवाडीचा. तनुजाने आईला गाडीत बसवलं आणि निघाली. पुढची सीट रिकामी होती. गाडी अजिबात वाजली नाही, आणि ती शांतता तिला पूर्ण रस्ताभर सोसली नाही. सुभद्राबाई मागे म्हणत होत्या, "मीच म्हनलं ऱ्हाऊ दे. मीच."

काळेवाडीच्या अरुंद गल्लीत पांढरी गाडी अर्धा रस्ता अडवून उभी होती. दार उघडंच होतं. तनुजा उंबऱ्यावर थबकली.

समोर पाटावर पूजा मांडलेली होती. ड्रिल मशीन, पाने, हातोडी, शिलाई मशीन. आणि मधोमध, पिशवीतून काढून पंख्याच्या पात्यांसारख्या पसरून ठेवलेल्या नानांच्या सगळ्या काठ्या. प्रत्येकीच्या टोकाला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. हातोडीशेजारी एक मोबाईल, त्यालाही कुंकू, आणि तो वाजत होता. स्क्रीनवर शोरूमचं नाव.

"अहो, उचला ना तो!" तनुजाच्या तोंडून गेलं.

"आजच्या दिस कसा उचलावा, ताई?" लुंगीवरचा ज्योतीराम गडबडून उठला. "पूजंत मांडलाव की. दुपारपसनं वाजायलाय."

तनुजाने सगळं सांगितलं. ज्योतीरामचा चेहरा उतरत उतरत गेला.

"मला वाटलं गाडीसोबतच देतेत. किट. शेजारच्याला बी सांगून बसलाव, ही चपटी चाकाचा चिखल काढायला, ही लांब गाडीखालचं काय गेलं तर वढायला..."

"मी म्हणलं होतं," आतून त्याची बायको सुमनताई पदर सावरत आली. "एवढं फुकट कोण देतंय म्हणलं. पर ऐकतंय कोण!"

"फार झालं नाही हो काही," तनुजा म्हणाली. "आम्ही घेऊन जातो."

सुमनताई पाटासमोर आडवी उभी राहिली. रागाने नव्हे, पण हलणार नाही अशी. "आज न्हाई, ताई. पूजा झालेलं अवजार आजच्या दिस हलवत नसतेत. उद्या सकाळी या. तुमचंच हाय."

तनुजाने आईकडे वळून पाहिलं. दसऱ्याची मुदत, प्रीतम, सहा महिने, सगळं तिच्या ओठांवर होतं. पण सुभद्राबाई चपला काढून पाटासमोर बसल्या होत्या. त्यांनी एकेका काठीवरून नजर फिरवली. रान होतं तेव्हा त्यांच्या ओसरीवर खंडेनवमीला नांगर, पाभर, कुऱ्हाडी मांडत. रान गेलं, तसं पाटावर काय मांडावं हाच प्रश्न पडू लागला. गेल्या वर्षी प्रीतमने लॅपटॉप मांडला होता. यंदा तर सणच नव्हता.

"कुनी मांडलं?" त्यांनी विचारलं.

"मीच, आई," ज्योतीराम अपराध्यासारखा म्हणाला.

"चांगलं मांडलंस." त्यांनी हात जोडले. "ऱ्हाऊ दे आजच्या दिस. लई हिंडवलं आमी त्यांना."

सुमनताईने पुरणपोळी वाढली. सुभद्राबाईंनी एक खाल्ली, आणि तनुजाच्या देखत दुसरी मागितली.

दसऱ्याच्या सकाळी पांढरी गाडी रहाटणीत दारात येऊन उभी राहिली. काल पत्ता विचारून ठेवलेला ज्योतीराम पिशवी परत करायला आपणच आला होता, पण उतरेचना. "सीमोल्लंघनाला गाडी काढायचीच होती. आई, तुम्ही म्हणाल तिकडं नेतो." सुमनताई मागे नवी साडी नेसून बसली होती. पिशवी डिकीत होती.

"महाळुंग्याला," सुभद्राबाई म्हणाल्या आणि गाडीकडे चालायला लागल्या.

फाटकावर रखवालदाराने डिकी उघडली. झेंडू लावलेल्या काठ्या बघून त्याने गाडीतल्या एकेकाकडे पाहिलं.

"खेळणार कोण?"

"मी," सुभद्राबाई म्हणाल्या.

सणामुळे मैदान रिकामं होतं. गवतावर अजून ओल होती आणि त्याच्या पार कारखान्यांच्या शेडा धुक्यात तरंगल्यासारख्या दिसत होत्या. सुभद्राबाई पुढे, खांद्यावर पिशवी घेतलेला ज्योतीराम मागे, आणि सुमनताई चपला हातात घेऊन. "हितं हरभरा. हितं भुईमूग. सांभाळून गं, हितं पाट हाय," आई म्हणत होती, आणि लातूरची सुमनताई नसलेला पाट खरोखरच उडी मारून ओलांडत होती. तनुजा मागे राहिली. तिला वाटलं, थोडं अंतर ठेवून बघितलं तर चालणाऱ्यांत एक माणूस जास्त दिसतोय. तिने मोजलं नाही.

तेवढ्यात प्रीतमचा फोन आला.

"ताई, आज दसरा. गाडी ठरली का?"

"ठरली."

"पिशवी बसते?"

"आरामात. शेजारी ज्वारीचं पोतंही बसेल."

"वा! बुक केलीस?"

"आपली नाहीये ती."

"म्हणजे?"

"थांब जरा," तनुजा म्हणाली. समोर आई ज्योतीरामला विचारत होती, "तुजी कंपनी कुठं रं?"

"ती काय, निळी शेड. तारंच्या पल्याड."

"कशानं येतोस?"

"बसनं." त्याने बायकोकडे पाहिलं. "गाडी आणावी म्हणतो रोज, पर ही आणू देती व्हय?"

"कंपनीची बस फुकट हाय," सुमनताई म्हणाली. "एकट्या माणसासाठी गाडी काढायची म्हंजे नुसता मिरवायचा सोस."

"एकट्यासाठी कशाला?" सुभद्राबाई म्हणाल्या. "मी हाय की. जाता जाता मला हितं सोडायचं, सुटला की न्यायचं. पिशवी तुज्याच डिकीत ऱ्हाऊ दे. पूजा झालीया तिची, तुजंबी घरच हाय."

ज्योतीरामचा चेहरा असा उजळला की तनुजाला हसू आवरेना. सुमनताईला आक्षेप सापडेना. म्हाताऱ्या माणसाला नेण्याआणण्याचं पुण्य बसला जोडता येत नव्हतं.

"आई, अगं त्यांची शिफ्ट आठ तासांची असते," तनुजा फोन कानापासून दूर धरून म्हणाली. "एवढा वेळ तू इथे करणार काय?"

"रानात आठ तास कुनाला पुरल्यात गं आजवर?" सुभद्राबाई म्हणाल्या. त्यांनी वाकून गवतातली कुठलीशी काडी उपटली, बघितली आणि बांधाबाहेर टाकावी तशी टाकली. मग ज्योतीरामकडे वळल्या.

"आन् ओव्हरटाइम असला, तर आदल्या दिशी सांगत जा. मग दोन भाकरी जास्ती बांधून आणीन."