बाळारामदादांच्या दुकानात बॅटरी मरत नाही

घणसोली गावात बाळारामदादांच्या दुकानात कोणी "बॅटरी मेली" म्हटलं, की दादा हातातला पाना खाली ठेवतात.

"तू डॉक्टर हायस काय?"

गिऱ्हाईक गोंधळतं.

"नाय ना? मंग मेली कोन बोलला तुला? झोपली बोल, दमली बोल. मेली मी बोलनार, ते पन शेवटला."

दुकान म्हणजे गावठाणातल्या त्यांच्याच घराचा पुढचा गाळा. मागे आमच्या सोसायटीचा टॉवर. दादा साठीच्या पुढचे, एकटे. व्होल्ट मोजायचं मीटर ते शर्टाच्या आत, बनियनला लावून ठेवतात. गार पडलं की मीटर खोटं बोलतं, असं त्यांचं ठाम मत.

गाडीला हात लावण्याआधी मालकाची उलटतपासणी होते. शेवटची कधी काढली? कुठवर नेली? आतली बत्ती कोण चालू ठेवतं, तू का बायको? मग मीटर बाहेर येतं. गाडी बंद असताना बारा पॉइंट सहा दिसले पाहिजेत. स्टार्टर मारताना आकडा किती कोसळतो ते बघायचं. इंजिन चालू झालं की तो चौदाच्या आसपास चढला पाहिजे. नाही चढला, तर बॅटरीचा दोष नाही.

"तिला भरनारा अल्टरनेटर वाढत नाय, ती उपाशी हाय. जेवन न देता मानूस उटला नाय, तर काय मानूस बदलनार?"

एकदा ऐरोलीचा एक आयटीवाला घाईत आला. "काका, सरळ नवीन टाका ना. मला मीटिंग आहे."

"तुला हाय. तिला नाय," दादा म्हणाले. बॅटरीच्या टर्मिनलवर बुरशीसारखा साचलेला पांढरा थर त्यांनी किटलीभर गरम पाण्याने धुतला, वायर धरणारा क्लॅम्प आवळला, आणि गाडी पहिल्या चावीला सुरू झाली.

या माणसाविरुद्ध मी पत्रक काढलं होतं.

मी पत्रकांवरच वाढले. आईच्या पिशवीत भाजीखाली पत्रकं असायची. पाणी, कचरा, भाडेकरू. अन्याय दिसला की माझा मसुदा तयार. त्या महिन्यात घरून काम करताना मी बाल्कनीतून बघत होते. रोज दुपारी दादा आमच्या पार्किंगमध्ये यायचे, खिशातल्या चावीने माझ्या बाबांची गाडी उघडायचे, बॉनेट वर करून पान्याने काहीतरी ढिलं करायचे आणि इकडेतिकडे बघून निघून जायचे. संध्याकाळी बाबा, शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, चावी फिरवायचे. गाडी गप्प. मग ते चालत दादांच्या दुकानात.

मला आणखी पुरावा नको होता. "आधी बिघडवायचं, मग दुरुस्त करायचं! दुसरी चावी कोणाच्या परवानगीने?" लिफ्टमध्ये लावलं, गेटवर लावलं, दादांच्या दुकानासमोरच्या खांबावरही लावलं. दादांनी ते ओळीखाली बोट धरून सावकाश वाचलं.

"अक्षर चांगलं हाय," ते म्हणाले. "सरांवर गेलंय."

निर्ढावलेला माणूस, मी मनात म्हटलं. आठवडाभरात सोसायटीची एकही गाडी त्यांच्याकडे जाईनाशी झाली. मला तो विजय वाटला.

मग बाबांनी लिफ्टमध्ये ते पत्रक वाचलं. घरात येऊन चपला न काढताच खुर्चीत बसले.

"चावी मीच दिली त्याला."

नेरूळला मित्राकडे निघालेले बाबा एके दिवशी भलतीकडे, ऐरोलीच्या पुलाजवळ पोचले होते. घर कुठल्या दिशेला, तेच आठवेना. गाडीच्या काचेवर दादांच्या दुकानाचा नंबर चिकटवलेला होता. फोन लागला. दादा रिक्षा करून गेले आणि बाबांना गाडीसकट घेऊन आले.

"त्याला म्हटलं, मला पुन्हा गाडी काढू देऊ नकोस. सांगितलेलं मी विसरेन, तू विसरू नकोस."

म्हणून दादा रोज बॅटरीचा क्लॅम्प काढत होते आणि घरी कोणाला कळू नये म्हणून रात्री परत लावत होते. एवढंच.

"मला का नाही सांगितलंत, बाबा?"

"आलो होतो सांगायला. तुझा मसुदा चालू होता."

मला ते आठवलं. मान वर न करता मी म्हणाले होते, पाच मिनिटं, बाबा.

मी दुकानात गेले. "दादा, माफीचं पत्रक काढते."

"नको."

"का?"

"लोक विचारतील, मंग हात का लावत होता? काय लिवशील? सरांना सोसायटीत मान हाय. माजं र्‍हाऊ दे तसंच."

तरी मी एक ओळ लावलीच: बाळारामदादांवरचा आरोप खोटा होता, चूक माझी. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी आम्हा बापलेकीला लॉबीत गाठलं.

"मॅडम, आरोप खोटा, तर तो माणूस रोज बॉनेट कशाला उघडत होता? उगाच आमच्या डोक्याला टेन्शन!"



"मी रस्ता विसरतो," बाबा म्हणाले. वर्गात हजेरी घ्यावी तसा स्वच्छ आवाज. "गाडी काढू नये म्हणून मीच त्याला सांगितलं होतं."

सेक्रेटरी लिफ्टचं बटण दाबत राहिले. लिफ्ट समोरच उभी होती.

दादांना हे कळलं, तेव्हा ते पहिल्यांदा माझ्यावर चिडले. "सरांना चार लोकांत बोलावं लागलं. तुज्यामुलं."

मी मान खाली घातली. मग, काहीतरी बरं करावं म्हणून म्हटलं, "गाडीच विकते, दादा. तुमची रोजची खेप वाचेल."

"विकू नको," ते पटकन म्हणाले.

"का?"

त्यांनी मीटर शर्टाला पुसलं, परत पुसलं. "सर येतात. मी तासभर समजावतो, ते ऐकतात. दुसऱ्या दिवशी परत विचारतात, बाळाराम, ही बॅटरी भरते तरी कशी रे? पयल्यांदाच विचारल्यासारखं." त्यांनी मीटर परत शर्टाच्या आत सरकवलं. "मला घरात कोन काय विचारत नाय."

मी काही बोलणार, तेवढ्यात गल्लीतून बाबा येताना दिसले.

"गप र्‍हा आता," दादा म्हणाले आणि घाईघाईने स्टूल पुसायला लागले.