गैरहजर सदस्याचा वाटा

न्याय हा कोणत्याही संस्थेचा पाया असतो, आणि तो बैठकीला हजर असलेल्यांनाच मिळतो. रुग्णालयाच्या उपअधीक्षकांची यावर गाढ श्रद्धा होती. त्यामुळे पाचशे बारा जीबी मेमरीचा नवा सर्व्हर आला आणि सगळ्या विभागांचे डेटाबेस त्या एकाच यंत्रावर बसवायचं ठरलं, तेव्हा त्यांनी तातडीनं मेमरीच्या वाटपाची बैठक बोलावली.

वाटप सेवाज्येष्ठतेनं झालं. सर्वांत मोठा वाटा अधीक्षकांच्या शुभेच्छापत्रांच्या डेटाबेसला (पत्रं मोजकी, पण पद मोठं). मग बिलं, पार्किंग, कँटीन. रुग्णांच्या नोंदी सांभाळणाऱ्या बाई नव्यानंच लागलेल्या, त्यात घसा बसलेला. त्यांना उरलंसुरलं मिळालं. बेरीज बरोबर पाचशे बारा भरली.

"साहेब, ऑपरेटिंग सिस्टिमला थोडी मेमरी ठेवायला हवी," सर्व्हरचा इंजिनियर म्हणाला. "सगळं तिच्याच जिवावर चालतं."

"ती कुठल्या विभागाची?"

"कुठल्याच नाही. म्हणजे, सगळ्यांचीच."

"मग बैठकीला का नाही आली?"

इंजिनियरनं मान डोलावली आणि सही केली (त्याची बढती जवळ आली होती). सिस्टिमला पुढच्या तिमाहीत रीतसर अर्ज करण्याची मुभा देण्यात आली.

सर्व्हर काही दिवस धापा टाकत चालला. मग एका सकाळी उपअधीक्षकांचं अपेंडिक्स फुटायला आलं, आणि त्यांना ऑपरेशनला घेता घेता सर्व्हरनं मान टाकली.

"साहेब, मागे कुठल्या औषधानं तुम्हाला त्रास झाला होता?" भूलतज्ज्ञ बाईंनी विचारलं.

"ते नोंदीत आहे."

"नोंदी उघडत नाहीत. आठवतंय का काही?"

काही आठवत नव्हतं. उपअधीक्षक घाबरले, अगदी मनापासून घाबरले. चुकीचं औषध गेलं तर जीव जाईल, आणि तेही एकही जीबी वाया न घालवता.

"बायकोला विचारा," ते कसेबसे म्हणाले.

बायको दाराबाहेरच उभी होती. "पेनिसिलिन," तिनं सांगितलं. "चेहऱ्याचा भोपळा झाला होता. हे म्हणत होते, आरसाच खराब आहे."

ऑपरेशन सुरळीत पार पडलं. बरे होऊन आल्यावर उपअधीक्षकांनी पुन्हा बैठक घेतली आणि ठराव एकमतानं मंजूर झाला: वाटपात बदल नाही, सर्व्हर बंद पडल्यास उपअधीक्षकांच्या पत्नीस विचारावे. (पत्नीस बैठकीला बोलावलेलं नव्हतं.)

वाचकांना हसू आलं असेल, तर त्यांनी स्वतःला कुठलं औषध चालत नाही, तेवढं आठवून पाहावं. घरात कुणाला हाक मारून विचारायचं नाही.